मनूबायचा साठचा वेग

मनूबायला अतिवेगाचं चलन आलं, त्या दिवशी मुळगावात संध्याकाळपर्यंत कोणी धड काम केलं नाही. पोदेर आपली पावाची टोपली पोस्टाच्या पायरीवर ठेवून तीच हकिकत पुन्हा पुन्हा ऐकत बसला. शाळेच्या हेडमास्तरांनी शिपायाला पाठवून खात्री करून घेतली आणि खात्री झाल्यावर त्याला पुन्हा एकदा पाठवलं. माझा नवरा खाणीच्या ऑफिसातून घरी आला तो दारातूनच म्हणाला, "साठ? आपली मनूबाय? साठ?" आणि चपला न काढताच पायरीवर बसून हसायला लागला.

ज्यांनी मनूबायला गाडी चालवताना पाहिलेलं नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही, म्हणून आधी ते सांगते.

मनोरमा परब ही आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राची नर्स. मूळची पेडण्यातल्या कोरगावची. पण लग्न होऊन मी कोल्हापूरहून मुळगावात आले तेव्हा तिला इथे इतकी वर्षं झाली होती की शाळेतली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. अंगानं भरदार, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पांढरी साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि पायात पुरुषी सँडल. तिच्याकडे एक हिरवी मोपेड होती. मनूबाय तिच्यावर बसली की मोपेड दिसायची नाही. लांबून पाहिलं तर एक बाई बसल्या बसल्या रस्त्यावरून सरकत येते आहे असंच वाटायचं.

आणि सरकायची तीसुद्धा बेतानं. मोपेडचा उपयोग लवकर पोचण्यासाठी असतो हे तिला मान्यच नव्हतं. रस्त्यानं कोणी चालत असलं की ती त्याच्या शेजारी गाडी आणायची आणि बोलायला लागायची. टाके सुकले का, सुनेला गोळ्या दिल्यास का, गाय व्याली का. चालणाऱ्याला थांबावं लागू नये आणि आपल्यालाही थांबावं लागू नये, इतकाच तिचा वेग. गावातली कुत्री येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे भुंकत धावायची; मनूबायच्या मागे ती चालत यायची, आणि बहुतेकदा मध्येच कंटाळून परत फिरायची. एकदा मला उपकेंद्रात जायचं होतं म्हणून तिनं मला मागे बसवलं. वडाच्या झाडाशी आम्ही निघालो तेव्हा भटजी पूजेची पिशवी घेऊन पायी निघाले होते. उपकेंद्राशी पोचलो तेव्हा ते पूजा आटोपून परत येत होते.

माझी तिची ओळख झाली ती मी मुळगावात आले त्याच आठवड्यात. ती दारात येऊन उभी राहिली आणि घरात अंधार झाला.

"तू कोल्लापूरची?"

"हो."

"पाणी उकळून पितस?"

"नाही."

"मग उद्या जुलाब झाले की माका सांगू येऊ नको." असं म्हणून ती आत आली, चुलीवर स्वतःच पाणी चढवलं, आणि ते उकळेपर्यंत माझ्या माहेरची सगळी माहिती काढून घेतली. माझं नाव मात्र तिनं विचारलं नाही. तेव्हापासून शेवटपर्यंत तिच्यासाठी मी 'कोल्लापूर'च राहिले. "कोल्लापूर, चहा टाक." "कोल्लापूर, तुझा घोव खंय?" घोव म्हणजे नवरा, हे मला तिच्याच तोंडून कळलं.

उपकेंद्रात तिचा कारभार पाहण्यासारखा असे. इंजेक्शनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर रांग लागायची. एकदा गावच्या भाटकाराची बायको जीपमधून आली आणि सरळ आत शिरली. भाटकार म्हणजे मोठा बागायतदार. त्यांच्या घरच्यांना कुठे थांबायची सवय नव्हती. मनूबायनं सुई वर धरलेली, तिनं मान न वळवता सांगितलं, "बस बाय. तुझ्या आधी बसाप्पाची बायल आसा." बसाप्पा हा बेळगावकडचा ट्रक ड्रायव्हर, आणि त्याची बायको लाजेनं उठून जागा द्यायला निघाली, तर मनूबाय तिच्यावरही तितकीच खेकसली, "तू खंय उठलीस? तुका नंबर दिला तो शोभेक?" मग दोघी शेजारी शेजारी बसल्या. भाटकारीण रुमालानं वारा घेत होती. थोड्या वेळानं तिनं बसाप्पाच्या बाळालाही वारा घातला.

"सगळ्यांक एकच माप," हे तिचं पालुपद. दिवसातून कितीदा तरी म्हणायची. रेशनच्या रॉकेलला ती स्वतः उन्हात उभी असायची. लोक म्हणायचे, "बाय, तुम्ही पुढे या," तर ती इतकी भांडायची की त्या भांडणातच तिचा नंबर लागून जायचा.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. गोव्याचं राज्य व्हायचं घाटत होतं, आणि राज्याची भाषा कोकणी की मराठी यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं. मनूबायकडे दोन्ही बाजूंचे लोक येऊन चहा पिऊन जायचे आणि दोघांनाही वाटायचं, बाय आपल्याच बाजूची. एकदा कोणीतरी तिला स्पष्टच विचारलं. ती म्हणाली, "मी भांडतां कोकणीत, आरती म्हणतां मराठीत, आणि सरकार माका कागद धाडता इंग्लिशीत. आता कुठल्या बाजूची ते तुम्हीच ठरवा, माका लसी टोचायच्या आहेत."

तर अशी ही मनूबाय.

खाणीवरून निघालेला रस्ता आमच्या शाळेसमोरून उतरत नदीकडे जायचा. लाल खनिज भरलेले ट्रक त्यावरून दिवसभर धावायचे, नदीत उभ्या असलेल्या बार्जी भरायला. ड्रायव्हरांना पैसे फेरीवर मिळत, त्यामुळे उतारावर कोणी ब्रेकला पाय लावायचं नाव काढत नसे. शाळेच्या जरा वर फणसाचं एक झाड होतं. त्याखाली नाईक हवालदार शिटी आणि चलनाचं पुस्तक घेऊन उभे असत. वेग मोजायचं यंत्र वगैरे काही नव्हतं. हवालदार डोळे बारीक करून गाडीकडे बघत आणि आकडा सांगत. "माझा डोळा म्हणजे काटा," असं ते म्हणायचे. त्या काट्यात सायकलीसुद्धा अडकायच्या. ट्रक कधी अडकल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी महिनाअखेर होती. वरून हुकूम होता की महिन्याला इतक्या केसी व्हायलाच हव्यात, आणि हवालदारांची एक कमी पडत होती. हे त्यांनीच नंतर सांगितलं. दुपारपासून रस्त्यावर एक स्कूटर फिरकली नव्हती. आणि वरून मनूबाय आली. तिच्या शेजारून डोक्यावर तांबड्या भाजीची टोपली घेऊन जानकीआजी चालत होती आणि दोघींचं कसलंसं रंगात आलेलं बोलणं चाललं होतं. एवढ्यात मागून धुरळा उडवत तीन ट्रक एकामागून एक दोघींना घासून गेले. त्यांची धूळ खाली बसते न बसते तोच शिटी वाजली.

"बाय, गाडी बाजूक घे," हवालदार म्हणाले.

"काय झालं रे? बरं नाही तुका?"

"अतिवेग."

"कोणाचो?"

"तुझो."

मनूबाय गाडीवरून उतरली आणि तिनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. हवालदार मान खाली घालून लिहीत होते. त्यांनी साठ लिहिलं, पुस्तकातला कागद फाडला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो वाचला, मग जानकीआजीला वाचून दाखवला. आजीला आकड्यांचं काही कळत नव्हतं, पण तिनं विचारलं, "म्हणजे मी पण धावताली?"

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. दोन दिवस लोक तिच्याकडे अभिनंदनाला येत होते. कोरगावहून तिच्या भावानं बसच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला की जपून चालव, वय झालं. खरं सांगायचं तर मनूबाय थोडी सुखावली होती. संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून तिनं मला हळूच विचारलं, "कोल्लापूर, साठानं जाताना मी कशी दिसली असेन गो?"

"पदर उडाला असता," मी म्हणाले.

ती पोट धरून हसली. मग चहाचा कोप खाली ठेवला.

"दंड भरून मोकळी झाले असते मी. पण तीन ट्रक गेले गो माझ्या अंगावरून. शाळेच्या दाराकडून. हवालदारानं मान वर करून बघितलं नाही." तिच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते मला कळलं. पावसाळ्यानंतर चौथीतल्या एका पोरीला त्याच उतारावर ट्रकनं उडवलं होतं. तिच्या पायाला फळी बांधून मनूबायच तिला मांडीवर घेऊन म्हापशाच्या इस्पितळात गेली होती. पोरगी वाचली, पाय मात्र सरळ झाला नाही. तो ट्रक कोणाचा हे गावाला ठाऊक होतं. चौकीत मात्र ते कधीच कळलं नाही.

"त्या दिवशी पण फणसाखाली शिटी होती," मनूबाय म्हणाली. "वाजली नाही."

तिनं दंड भरला नाही. डिचोलीच्या कोर्टात केस उभी राहिली. वकील लावायचा सल्ला तिला सगळ्यांनी दिला. ती म्हणाली, वकिलानं कधी माझी गाडी चालवली आहे? तारखेला आम्ही बसनं गेलो. ती, जानकीआजी, सोबतीला मी, आणि मागच्या बाकांवर कामधंदा सोडून आलेलं निम्मं मुळगाव.

न्यायाधीश सडपातळ, चष्मा लावलेले, थकल्यासारखे दिसणारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही कोणत्या भाषेत बोलणार?"

कोकणीवाले सरसावून बसले, मराठीवालेही सरसावून बसले.

मनूबाय म्हणाली, "हवालदारानं माका ज्या भाषेत शिटी मारली, त्याच भाषेत."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बोला," ते म्हणाले.

तिला हवालदारांना प्रश्न विचारायची परवानगी मिळाली. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, उपकेंद्रात पेशंटसमोर राहायची तशी, हात कमरेवर ठेवून.

"हवालदार, माझा वेग किती होता?"

"साठ."

"कशानं मोजलात?"

"अनुभवान."

"बरं. तुम्ही शिटी मारली तेव्हा मी काय करत होते?"

"गाडी चलवत होत्या."

"आणखी काय करत होते?"

हवालदारांनी आठवून पाहिलं. खोटं बोलायला ते फारसे सरावलेले नव्हते. "बोलत होत्या."

"कोणाशी?"

"ह्या म्हातारीशी."

"ती कुठे होती? माझ्या गाडीवर?"

"ना. ती शेजारून चलत होती."

"चलत होती," मनूबाय म्हणाली. "किती वेगानं?"

हवालदारांनी जानकीआजीच्या पायांकडे पाहिलं. आधी मागच्या बाकावरचा पोदेर हसला, मग पट्टेवाला, मग सगळं कोर्ट. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला, पण त्यांची स्वतःची मान खाली गेली होती आणि खांदे हलत होते. सावरल्यावर त्यांनी जानकीआजीला पुढे बोलावलं आणि गंभीरपणे विचारलं, "आजी, तुम्ही किती जोरात चालता?"

"गुडघे बरे असले तर बेगीन चलतां," आजी म्हणाली. "त्या दिवशी बरे नव्हते."

केस फेटाळली गेली. लोक उठायला लागले, पण मनूबाय जागची हलली नाही.

"साहेब, ट्रकांचं काय?"

"कोणते ट्रक?"

"तेव्हा गेले ते तीन. रोज जातात ते."

न्यायाधीशांनी समोरचे कागद मिटले. "तो विषय आज माझ्यापुढे नाही, बाई. कोणी आणला तर येईल."

मनूबायनं मान वळवून नाईक हवालदारांकडे पाहिलं. ते दाराकडे निघाले होते.

त्या दिवसापासून हवालदारांचं नाव 'साठ' पडलं. शाळेची पोरं फणसापाशी आली की मुद्दाम पाय ओढत चालायची आणि विचारायची, "हवालदार, आमचा वेग किती?" चार दिवसांत माणूस सुकला. मनूबायच्या ते लक्षात आलं. एका सकाळी ती रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन फणसाखाली गेली, मला म्हणाली तूही चल. हवालदार दगडावर बसले होते. तिनं न विचारता त्यांच्या दंडाला पट्टा बांधला.

"वाढलं आहे," ती म्हणाली. "मीठ कमी कर."

"मिठानं नाही वाढलं, बाय." ते इतकंच म्हणाले, आणि मग सगळं बाहेर आलं. "तुका वाटतं माका ट्रक दिसत नाहीत? मी हात केला तर ट्रक थांबायच्या आधी चौकीत फोन येतो. एकदा थांबवला होता, तर आठ दिवस माका चौकीचं आवार झाडायला लावलं. स्कूटरवाल्याला फोन नसतो. तो थांबतो."

"म्हणजे जो थांबतो त्याकाच तू धरतस."

"होय."

मनूबायनं पट्ट्यातली हवा सोडली. "मग ट्रक थांबतील असं करूया."

"कसं?"

"ते माझ्यावर सोड. तू फक्त इथे उभा राहा, आणि डोळे उघडे ठेव."

सोमवारी शाळा भरायच्या वेळेला ती खाणीच्या फाटकापाशी गेली, रस्त्याच्या बरोबर मधोमध मोपेड घेतली आणि खाली यायला लागली. आपल्या नेहमीच्या वेगानं. मागे पहिला ट्रक आला, त्यामागे दुसरा, मग किती आले ते वळणामुळे दिसेना. रस्ता अरुंद, बाजूला गटार. पुढे जायला जागा नाही. हॉर्नचा असा गोंगाट झाला की शाळेतली पोरं पाठीवर दप्तरं घेऊन कुंपणाशी जमा झाली.

पहिला ट्रक बसाप्पाचा होता. त्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "अक्का, जरा बाजूला सरा ओ."

"बसाप्पा, बाळाक दात आले?" मनूबायनं मागे न बघता विचारलं.

"दोन आले."

"ताप आला होता?"

"आला होता, गेला. अक्का, फेरी जाते माझी."

"मग बायकोक घेऊन बुधवारी ये, डोस राहिलाय."

मागच्या ड्रायव्हरांना कळेना की पुढे काय झालंय. त्यातला एक उतरला आणि चालत पुढे आला. वाटेतले सगळे ट्रक मागे टाकून तो मनूबायपर्यंत पोचला, आणि भांडायला तोंड उघडणार तेवढ्यात तिनं त्याला ओळखलं. "तू कागलचा ना रे? तुझ्या खोकल्याचं काय झालं? एक्स-रे काढ म्हटलं होतं." तो बिचारा शाळेपर्यंत तिच्या शेजारून चालत आपल्या खोकल्याची हकिकत सांगत राहिला. हॉर्न हळूहळू थांबले. त्या ड्रायव्हरांपैकी कितीजणांची बाळंतपणं, विंचू, मोडलेली बोटं तिनं पाहिली होती. तिच्या पाठीमागे हॉर्न वाजवत राहणं कोणाला जमेना. शेवटी एवढी मोठी लाल रांग आमच्या शाळेसमोरून देवाच्या पालखीसारखी गेली, आणि कुंपणावरची पोरं टाळ्या वाजवत होती.

संध्याकाळी शाळा सुटताना तेच. दुसऱ्या दिवशी तेच. नदीत बार्जी खोळंबल्या. चौकीत फोन आला, आणि चौकीच्या साहेबांनी नाईक हवालदारांना बोलावून हुकूम केला की त्या बाईवर रस्ता अडवल्याची केस कर.

नाईक हवालदार काय म्हणाले ते त्यांनी आम्हाला पुढे इतक्यांदा सांगितलं की मला पाठ आहे. ते म्हणाले, "साहेब, गेल्या महिन्यात मी लिहून दिलं की ही बाई साठानं जाते. आता लिहून दिलं की ही बाई रस्ता अडेल इतकी हळू जाते, तर कोर्टात तेच न्यायाधीश आहेत. तुम्ही लिहा साहेब, मी पोचवतो. सही तेवढी तुमची करा."

साहेबांनी सही केली नाही.

मग दडपण आमच्या घरावर आलं. माझ्या नवऱ्याला खाणीच्या मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, ती नर्स तुमची शेजारीण आहे ना, तिला समजवा. नोकरी नवी, मला तेव्हा दिवस गेलेले. तो घाबरलेला होता. घरी आला तर मनूबाय आमच्याच बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसली होती.

"मनूबाय, साहेबांनी तुम्हाला समजवायला सांगितलंय," तो म्हणाला.

"मग समजव."

तो समोर बसला. चहा आला, तो त्यानं प्यायला. रस्त्यावरून शाळा सुटलेली पोरं जात होती, त्यांच्यात ती पाय वाकडा टाकत चालणारी पोरगीही होती.

"समजावलं," माझा नवरा म्हणाला, आणि उठून आत गेला. त्याच्याशी लग्न केल्याचा मला इतका आनंद आधी कधी झाला नव्हता.

आठवडा संपायच्या आत मॅनेजर आणि ट्रकमालकांचा एक पुढारी उपकेंद्रात आले. नेमका इंजेक्शनचा दिवस होता. दोघांनाही बाकावर बसून नंबर येईपर्यंत थांबावं लागलं. पुढाऱ्याशेजारच्या बाईच्या मांडीवरचं मूल त्यांच्या पांढऱ्या पँटवर ओलं झालं आणि त्यांनी हूं की चूं केलं नाही. त्यांचा नंबर आला तेव्हा मनूबायनं हात धुतले आणि बसाप्पालाही आत बोलावलं.

ती म्हणाली, शाळा भरताना आणि सुटताना ट्रक वर थांबतील. बाकीच्या वेळी उतारावर सावकाश उतरतील. जो ऐकणार नाही त्याला चलन, आणि त्यासाठी चौकीत फोन जाणार नाही.

"ठीक आहे, बघू," पुढारी म्हणाले.

बसाप्पा दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "अक्का, सावकाश गेलं तर फेरी बुडते. चलन पण आमच्या नावावर, फेरी पण आमचीच जाणार."

मनूबायला हे सुचलं नव्हतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग मॅनेजरकडे. "ऐकलंत? थांबलेल्या वेळेची फेरी कापायची नाही."

"ते बघावं लागेल."

"बघा. तवसर मी उद्या सकाळी फाटकापाशी आहेच."

त्यांना तिथेच बघावं लागलं. पुढे एक-दोनदा फेरी कापायचा प्रयत्न झाला, तेव्हा मनूबाय नुसती मोपेड घेऊन फाटकापर्यंत फिरून आली, आणि पैसे मिळाले. सगळं एका रात्रीत सुरळीत झालं असं नाही. पण शाळेच्या वेळेला रस्ता मोकळा राहू लागला हे मी स्वतः पाहिलंय. माझी मुलगी पुढे त्याच रस्त्यानं शाळेत गेली.

ट्रकला पहिलं चलन झालं तेही मी पाहिलं. सरपंचांच्या मेव्हण्याचा ट्रक, भर उतारावर सुसाट. हवालदारांनी शिटी फुंकली आणि ट्रक चक्क थांबला. त्या थांबण्यानं हवालदारच दचकले. गडबडीत त्यांनी पुस्तक उलटं धरलं, मग सुलटं करून घाईघाईनं लिहायला लागले. ऊन कडक होतं. मनूबाय त्यांच्या पुस्तकावर छत्री धरून उभी राहिली आणि म्हणाली, "सावकाश लिही. शुद्धलेखन बघ."

यानंतरची गोष्ट सांगितल्याशिवाय मनूबाय पुरी व्हायची नाही. एका दुपारी लाटंबार्से गावातून सांगावा आला की एक बाळंतीण अडली आहे, बाळ आडवं आहे, गाडी मिळत नाही. मनूबायनं पिशवी घेतली, मोपेडवर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदाच हँडल शेवटपर्यंत पिळलं. रस्त्यात ती कोणाशी बोलली नाही. जानकीआजीनं हाक मारली तर नुसता हात केला, आणि आजी घाबरून घरी गेली. फणसाखालून ती गेली तेव्हा हवालदारांनी सवयीनं शिटी फुंकली आणि मग जीभ चावली. आई आणि बाळ दोघं वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनूबाय फणसाखाली हजर.

"लिही," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"काल मी जोरात गेले. सगळ्यांनी पाहिलं."

"बाय, तू बाळंतपणाला जात होतीस."

"कोणी बाळंतपणाला जातो, कोणी बार्ज भरायला. सगळ्यांक एकच माप. लिही."

हवालदारांनी नाइलाजानं पुस्तक उघडलं. टोपी मागे सारली. "किती लिहू?"

"तुझा डोळा म्हणजे काटा ना? त्या डोळ्याक किती दिसलं?"

हवालदारांनी डोळे बारीक केले. कोर्टातल्या त्या दिवसापासून त्यांनी शपथ घेतल्यासारखं ठरवलं होतं की दिसलं तेवढंच लिहायचं. बराच विचार करून ते म्हणाले, "तीस."

मनूबायचा चेहरा उतरला. "तीसच?"

"उतार होता म्हणून तीस. नाहीतर पंचवीस."

"नीट आठव रे. माझा पदर उडत होता."

"पदर उडत होता, बाय. पण तीसच. तिसाक दंड नसतो."

ती चक्क भांडायला लागली. त्यांनी निदान पस्तीस तरी म्हणावं म्हणून तिनं जानकीआजीची साक्ष काढली, वाऱ्याचा हवाला दिला, त्यांना चष्मा लागला असेल असंही सुचवलं. हवालदार तिसावरून हलले नाहीत. दोन दिवस तिनं त्यांच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी रक्तदाब मोजायला आली तेव्हा म्हणाली, "मीठ कमी केलंस वाटतं. उतरलंय."

गोव्याचं राज्य झालं. नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही डिचोली शहरात राहायला गेलो. काही वर्षांनी मनूबाय निवृत्त होऊन कोरगावला आपल्या भावाकडे गेली. निरोप यायचे, करंज्यांसारख्या नेवऱ्यांचे डबे यायचे, भेट मात्र राहून जायची. शेवटी एका चवथीला आम्ही मुलीला घेऊन कोरगावला गेलो.

दुपारची वेळ होती. गणपतीवरच्या लाकडी चौकटीत, म्हणजे माटोळीत, नारळ, सुपारीचे घड, रानातली कसली कसली फळं टांगलेली. वाड्यावरच्या बायका जमल्या होत्या आणि फुगडी चालली होती. मनूबाय भिंतीला टेकून बसली होती. केस पुरे पांढरे झालेले, पण कुंकू तेवढंच. मला पाहून तिनं हाक मारली, "कोल्लापूर, इतक्या दिसांनी?" आणि माझ्या मुलीला जवळ ओढून तिचे दात तपासले.

मग काय मनात आलं कोण जाणे, ती उठली. पदर कमरेला खोचला आणि भावाच्या नातीला म्हणाली, "ये गो, धर हात." भावजय म्हणाली, नको गे, गुडघे बघ आपले. मनूबायनं ऐकलं नाही. दोघींनी हातांची अढी घातली, पाय जुळवले, अंग मागे टाकलं. सुरुवातीला सावकाश. बायकांनी गाणं धरलं. मग वेग वाढला. गाणं मागे पडायला लागलं, बायका धापा टाकत त्याची लय वाढवायला लागल्या, तरी ते त्या दोघींना गाठेना. मनूबायचा अंबाडा सुटला, पांढरे केस चहूकडे उडाले, कुंकवाची नुसती एक तांबडी रेघ दिसत होती. पोरगी ओरडत होती, "आजी, पुरो, पुरो," आणि मनूबाय मान मागे टाकून हसत होती.

थांबली ती भिंतीशी. पोरगी जमिनीवर लोळत पडली. मनूबाय डोळे मिटून उभी राहिली, धाप लागलेली, आणि चाचपडत तिनं समोरचा हात घट्ट पकडला. तो माझा होता, हे तिला ठाऊक नसावं.

"कोण असशी ती," ती म्हणाली, "हात सोडू नको गो. घर अजून फिरतंय."